वाचकांचे प्रश्न : इंग्लंडची चांदीची नाणी गेली कुठे?

प्रश्न : सतराव्या आणि अठराव्या शतकांत ईस्ट इंडिया कंपनी इंग्लंडमधून मोठ्या प्रमाणावर चांदी हिंदुस्थानात आणत असे, असे वाचनात येते. त्याच काळात इंग्लंडमध्ये चांदीच्या नाण्यांचा तुटवडा होता. हा तुटवडा कंपनीच्या व्यापारामुळेच पडला, असे म्हणता येईल का?

उत्तर : तुटवडा होता हे खरे, पण त्याचे सगळे खापर कंपनीवर फोडता येणार नाही, असे आमचे मत आहे. चांदी वाहून नेली ती जहाजांनी. ती देशाबाहेर जाणे फायद्याचे ठरवले ते मात्र लंडनच्या टांकसाळीच्या दराने.

कंपनीला ३१ डिसेंबर १६०० रोजी सनद मिळाली, तेव्हाच तिला दर सफरीमागे ३०,००० पौंड किमतीपर्यंतची चांदी बाहेर नेण्याची मुभा देण्यात आली होती. याला इलाज नव्हता, कारण इंग्लंडचे जाड लोकरी कापड पूर्वेकडे फारसे खपत नसे आणि मिरी, नीळ व सुती कापड यांची किंमत चांदीतच चुकवावी लागे. राज्याची संपत्ती समुद्रापार चालली आहे अशी ओरड लवकरच सुरू झाली. तिला कंपनीचे एक संचालक थॉमस मन यांनी १६२१ मध्ये उत्तर दिले, ते असे की पूर्वेचा माल युरोपातील इतर देशांना पुन्हा विकला की गेलेल्या चांदीपेक्षा अधिक चांदी परत येते. देशाच्या एकूण हिशेबापुरता हा युक्तिवाद भक्कम होता. परंतु देशात आलेली चांदी टांकसाळीत जाऊन नाणे होईलच असे नाही, आणि आपल्या प्रश्नाचा गाभा नेमका तिथेच आहे.

१६०१ पासून एक ट्रॉय पौंड (बारा औंस) वजनाच्या प्रमाणित, म्हणजे साडेब्याण्णव टक्के कसाच्या चांदीतून ६२ शिलिंग पाडले जात. त्यामुळे नाण्यातील चांदीचा भाव औंसाला ५ शिलिंग २ पेन्स, म्हणजेच ६२ पेन्स इतका बांधला गेला. बाजारात चांदी याहून स्वस्त असेल तर व्यापारी ती टांकसाळीत नेऊन नाणी पाडून घेई. महाग असेल तर टांकसाळीकडे कोणी फिरकत नसे, उलट तयार नाणीच मुशीत पडत. त्यातच १६६३ च्या कायद्याने परदेशी नाणी व चांदीच्या लगडी निर्यात करण्यास मोकळीक दिली, पण राजाचे नाणे बाहेर नेण्यावरची बंदी कायम ठेवली. हेतू नाण्याच्या रक्षणाचा होता. प्रत्यक्षात मात्र एकाच धातूला दोन भाव मिळू लागले : नाण्यातील चांदीचा एक आणि निर्यात करता येणाऱ्या चांदीचा दुसरा. टांकसाळीचे प्रमुख असलेल्या आयझॅक न्यूटन यांनी १७१७ मध्ये सरकारला दिलेल्या अहवालात हा फरक औंसामागे दोन ते तीन पेन्स असल्याचे नोंदवले आहे. बासष्ट पेन्सांवर दोन-तीन पेन्स म्हणजे तीन ते पाच टक्के, आणि तेही केवळ नाणे वितळवण्याच्या मेहनतीबद्दल.

हे काम सराफाच्या दुकानात तराजूवर चाले. आलेली नाणी एकेक करून तोलायची, भरलेल्या वजनाची बाजूला काढायची, ती वितळवून लगड करायची आणि ती परदेशी चांदी म्हणून विकायची; हलकी नाणी पुन्हा बाजारात सोडून द्यायची. लगड राजाच्या नाण्यांपासून बनवलेली नाही अशी शपथ निर्यातीपूर्वी घ्यावी लागे, हे खरे. परंतु वितळलेल्या चांदीवर राजाचा मुखवटा उरत नाही, त्यामुळे शपथ खोटी ठरवणार कशी? अशा निवडीचा परिणाम म्हणजे चलनात सर्वांत वाईट नाणी तेवढी मागे राहिली. १६६२ नंतर यंत्रावर पाडलेली, काठावर रेघा किंवा अक्षरे असलेली नाणी कातरता येत नसत, पण ती पूर्ण वजनाची असल्यामुळे हातोड्याने पाडलेल्या जुन्या नाण्यांच्या आधी तीच नाहीशी झाली. जुन्या नाण्यांच्या कडा कातरणारे तर होतेच. १६९५ च्या उन्हाळ्यात सरकारी खजिन्यातील ५७,२०० पौंड दर्शनी किमतीची चांदीची नाणी तोलून पाहिली, तेव्हा त्यांचे वजन हवे होते त्याच्या जेमतेम निम्मे भरले. या दशकातील चांदीच्या निर्गमनात फ्रान्सविरुद्धच्या युद्धाचाही मोठा वाटा होता, कारण फ्लँडर्समधील (आजच्या बेल्जियमच्या भागातील) सैन्याचा खर्च भागवायला पैसा इंग्लंडमधून जात होता. त्यात कंपनीचा काही संबंध नव्हता.

१६९६ मध्ये सर्व नाणी नव्याने पाडण्याचे ठरले. खजिन्याचे सचिव विल्यम लाउंड्झ यांचे म्हणणे होते की नाण्यातील चांदी सुमारे एकपंचमांशाने कमी करावी. तत्त्वज्ञ जॉन लॉक यांचा आग्रह होता की जुने वजन तसूभरही बदलू नये. संसदेने लॉक यांचे ऐकले. प्रामाणिकपणाच्या दृष्टीने ते उजवे होते. व्यवहारात मात्र लाउंड्झ यांना बाजार अधिक कळला होता, असे आम्हांला वाटते. लंडनखेरीज ब्रिस्टल, चेस्टर, एक्झिटर, नॉर्विच आणि यॉर्क येथे तात्पुरत्या टांकसाळी उघडून पूर्ण वजनाचे शिलिंग पाडले गेले, आणि पूर्ण वजनाचे असल्यामुळेच ते पुन्हा मुशीत जाऊ लागले.

याचे कारण सोन्यात होते. गिनी हे सोन्याचे नाणे १६६३ मध्ये २० शिलिंगांचे म्हणून निघाले, १६९५ मध्ये ते ३० शिलिंगांपर्यंत चढले आणि नंतर साडेएकवीस शिलिंगांवर स्थिरावले. या दराने इंग्लंडमध्ये एक पौंड वजनाच्या शुद्ध सोन्याला सुमारे साडेपंधरा पौंड वजनाची चांदी पडे. न्यूटन यांच्या अहवालानुसार चीन आणि जपानमध्ये तेवढ्याच सोन्याला नऊ-दहा पौंड, तर हिंदुस्थानात बारा पौंड चांदी पुरे. युरोपातील शेजारी देशांतही सोने इंग्लंडपेक्षा स्वस्तच होते. म्हणजे इंग्लंडमध्ये चांदीला मिळणारी किंमत या सर्वांपेक्षा कमी! अशा वेळी येणे सोन्यात घ्यायचे आणि देणे चांदीत चुकवायचे, हे व्यापाऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. डिसेंबर १७१७ मध्ये गिनीचा दर २१ शिलिंगांवर आणला गेला, परंतु त्यानंतरचे प्रमाणही सव्वापंधराच्या आसपास राहिले. ही कपात अपुरी पडली. सोने येत राहिले, चांदी जात राहिली, आणि कायद्याने चांदीच्या मानाचे, म्हणजे चलनाचे मूल्य चांदीवर बेतलेले राज्य व्यवहारात सोन्याच्या मानावर जाऊन बसले.

प्रश्न : मग इंग्लंडच्या राजाची नाणी आपल्याकडील बाजारांत चालत होती का?

उत्तर : तशी नव्हे. कंपनी प्रामुख्याने स्पॅनिश रिआल ही चांदीची नाणी आणि चांदीच्या लगडी आणत असे. सुरुवातीच्या सफरींसाठी राणी एलिझाबेथ यांच्या नावाने रिआलच्या वजनाची खास नाणी पाडून पाहिली होती. पण पूर्वेच्या बंदरांत लोकांच्या ओळखीचे होते ते स्पॅनिश नाणे, त्यामुळे तो प्रयोग तिथेच थांबला. मुघल मुलखात परदेशी चांदी सुरतेसारख्या ठिकाणच्या टांकसाळीत वितळवून तिचे रुपये पाडले जात.

प्रश्न : इंग्लंडमधला हा तुटवडा अखेर मिटला कसा?

उत्तर : फार उशिरा. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत चालू शिलिंग इतके झिजले होते की त्यांवरील राजाचा चेहराही दिसत नसे, आणि १७९७ मध्ये तर बँक ऑफ इंग्लंडला स्पॅनिश डॉलरवर तिसऱ्या जॉर्जचा छोटा ठसा मारून ते चलनात आणावे लागले. १८१६ च्या कायद्याने अखेर सोने हेच मान ठरवले आणि चांदीच्या एका पौंडातून ६२ ऐवजी ६६ शिलिंग पाडायला सुरुवात केली. नाण्याची दर्शनी किंमत त्यातील चांदीपेक्षा वरचढ झाल्यामुळे ते वितळवण्यात तोटा येऊ लागला. अशा नाण्यांचा भडिमार होऊ नये म्हणून ४० शिलिंगांपेक्षा मोठे देणे चांदीत स्वीकारण्याची सक्ती त्याच कायद्याने रद्द केली.