७०-३०० घेतलीत, आता टेकडीवर चला

टॅमरॉनची ७०-३०० मिमीची मॅक्रो, म्हणजे जवळून मोठे फोटो काढू देणारी लेन्स घेतलीत, छान केलंत. पहिल्या लेन्सला एवढं पुरे. आता तिच्यावरचं मॅक्रोचं बटण नीट समजून घ्या. ते १८० ते ३०० मिमीच्या टप्प्यातच सरकतं, त्याआधी जोर लावू नका. एरवी ही लेन्स दीड मीटरच्या आत फोकस करत नाही. बटण सरकवलं की ९५ सेंटिमीटरपर्यंत येते. ३०० मिमीवर १:२ मिळतं, म्हणजे सेन्सरवर निम्म्या आकाराची प्रतिमा. एपीएस-सी, म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यात जेमतेम पावणेपाच सेंटिमीटर रुंदीची जागा चौकट भरते. फुलपाखराला हे भरपूर आहे. मुंगीची अपेक्षा धरू नका.

पावसाळा सरला की सकाळी सातला पुण्यातल्या वेताळ टेकडीवर जा. पंख उन्हाला धरून बसलेलं फुलपाखरू तेव्हा जवळ येऊ देतं. अ‍ॅपर्चर एफ/८ ठेवा, शटर १/५०० सेकंदापेक्षा मंद नको, कारण या लेन्समध्ये हाताची थरथर सावरणारा स्टॅबिलायझर नाही. आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) खुशाल ८०० करा. जवळून ऑटोफोकस मागेपुढे घरघरत राहतो, म्हणून मॅन्युअलवर या, रिंग एका जागी ठेवा आणि स्वतःच केसभर पुढे-मागे झुका. डोळा लख्ख दिसला की दाबा. मी पहिला अख्खा महिना रिंगच फिरवत बसलो होतो, एक फोटो धड आला नाही.

आणि हो, पुण्याच्या पावसात लेन्स बॅगेत कोंडून ठेवू नका, बुरशी धरते. हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा.