आईचे गुडघे, बाबांची बोट लागणं आणि उत्तर समुद्र

वाचकांचे प्रश्न : मोटरहोममधून परदेश

*ताई, मी लीड्सला राहते, वयानं तुमच्या मुलीएवढी असेन. जूनमध्ये आईबाबा नाशिकहून येतायत. तीन आठवड्यांसाठी मोटरहोम भाड्यानं घेऊन चौघांनी नॉर्वेला जायचा बेत आहे. आई ७१ वर्षांची, गुडघे दुखतात आणि इन्सुलिन चालू आहे. बाबांना बोट लागते. नवरा म्हणतो, डोव्हर-कॅले घेऊ, स्वस्त आहे आणि दीड तासात पलीकडे. मला वाटतं रात्रीची बोट बरी. इंग्लंडहून थेट नॉर्वेला फेरी नाही का? कोणता मार्ग घ्यावा?*

थेट फेरी होती. न्यूकॅसलहून बर्गनला बोट जायची, ती २००८ मध्ये बंद झाली. आम्ही त्या बोटीनं एकदा गेलो होतो, म्हणून अजूनही हळहळ वाटते. आता नॉर्वेला जायचं तर आधी युरोपच्या किनाऱ्यावर उतरायचं, जर्मनी किंवा डेन्मार्कपर्यंत गाडी हाकायची आणि तिथून दुसरी बोट धरायची. म्हणजे फेऱ्या दोन निवडायच्या आहेत, आणि दुसरी पहिलीपेक्षा महत्त्वाची आहे.

तुझ्या नवऱ्याचा हिशेब तिकिटापुरता बरोबर आहे. पण लीड्सहून डोव्हर सुमारे ४३० किलोमीटर, आणि हल बंदर जेमतेम ९५. पलीकडे कॅलेहून जर्मनीतल्या कीलला (नॉर्वेची बोट मी तिथूनच सुचवणार आहे) जायचं तर जवळपास ९००, आणि हलची बोट जिथे लागते त्या रॉटरडॅमच्या युरोपोर्टहून साधारण ६००. एका बाजूनं सव्वासहाशे किलोमीटर जास्तीचे झाले. आमची गाडी लिटरला दहाच्या आसपास देते, म्हणजे साठ-बासष्ट लिटर डिझेल आणि वाटेत एक जादा मुक्काम. हे सगळं तिकिटात मिळवा आणि मग दोघं पुन्हा बसून बोला. शिवाय एवढं अंतर आईनं गुडघे दुमडून मागच्या बाकावर बसून काढायचं आहे. मोटरहोमची मागची सीट ही काही गाडीची सीट नव्हे, पाठ ताठ आणि पाय लोंबकळते. माझ्या सासूबाईंना दर दीड तासानं उतरवून चालवावं लागायचं.

म्हणून जाताना हल-रॉटरडॅम घ्या. रात्री साडेआठच्या सुमाराला सुटते, सकाळी पलीकडे. घड्याळ एक तास पुढे जातं, तेवढी झोप कमी मिळते. तुमच्या तारखांना हलला जागा नसेल तर न्यूकॅसलहून हॉलंडमधल्या आयमाउडनला, तीही रात्रीचीच. हार्विच-हूक ऑफ हॉलंड उत्तम आहे, पण लीड्सहून वाकडी वाट होते.

दुसरी फेरी. बहुतेक जण डेन्मार्कच्या टोकाला हिर्टशाल्सपर्यंत जातात आणि तिथून नॉर्वेच्या क्रिस्टियनसानला, सव्वातीन तासांत. उन्हाळ्यात जलद कॅटामरानही असते, अडीच तासांच्या आत पोचवते. बाबांना ती नको. डेन्मार्क-नॉर्वेमधला स्कागेराक समुद्र खवळला की हलकी बोट उड्या मारते, आणि लाटा फारच वाढल्या तर फेरीच रद्द होते. तुमच्यासाठी मी जर्मनीतल्या कीलहून ओस्लोची बोट सांगेन. दुपारी दोनला सुटते, दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ओस्लो. महाग आहे, हे आधीच सांगते. पण हिर्टशाल्सपर्यंतचे आणखी चारशे किलोमीटर वाचतात, आणि वीस तास आई पाय लांब करून बसते. बोट मोठी आणि जड, त्यामुळे हलते कमी. पहिल्या संध्याकाळी ती डेन्मार्कच्या ग्रेट बेल्ट पुलाखालून जाते. पुलाचा मधला गाळा १,६२४ मीटरचा आणि पाण्यापासून उंची ६५ मीटर. बोटीचं वरचं टोक त्याच्या खालून सरकताना पाहिलं की डोकं टेकेल असंच वाटतं. सकाळी लवकर उठून वरच्या डेकवर या. ओस्लो फ्योर्डमध्ये शिरताना दोन्ही बाजूंना बेटं, लाल-पिवळी लाकडी घरं आणि काचेसारखं पाणी. सासूबाई शाल पांघरून दीड तास कठड्याशी उभ्या होत्या. "अगं, हे तर आपल्या दाभोळच्या खाडीसारखं, फक्त थंड," म्हणाल्या. मी मूळची दापोलीची, मला ते पटलं.

युरोपोर्टला सकाळी उतरून त्याच दुपारी दोनची कीलची बोट गाठायचा विचार मात्र करू नका. मध्ये दोन मुक्काम ठेवा, निदान एक, ब्रेमेनच्या आसपास.

परतताना बर्गनहून निघणारी रात्रीची बोट पाहा. वाटेत स्टाव्हांगरला थांबून दुसऱ्या दिवशी हिर्टशाल्सला येते. तिथून युरोपोर्ट हजार किलोमीटरच्या वर, त्याला तीन दिवस द्या. बाबांचा जाताना त्रास वाढला असेल तर हा लांबचा टप्पा सोडा आणि क्रिस्टियनसानची सव्वातीन तासांची साधी बोट घ्या. त्यासाठी नॉर्वेहून परतीच्या बोटीचं तिकीट बदलता येईल असंच काढा, चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

आता बोटीवरचं बोलते. सत्तावीस वर्षं नर्स होते, त्यामुळे इथे माझं जरा लांबेल.

बोट सुटली की कार डेक बंद होतो. दाभोळ-धोपावे फेरीत आपण गाडीत बसून पंखा चालू ठेवतो, तसं इथे नाही. सगळ्यांनी वर जायचं, आणि सकाळपर्यंत गाडीकडे फिरकायचं नाही. गॅस सिलिंडरचा कॉक बंद करावाच लागतो. मोटरहोमचा फ्रिज गॅसवर नाहीतर बाहेरच्या विजेवर चालतो, इंजिन चालू असलं तर बॅटरीवर. बोटीत तिन्ही बंद. आमच्या पहिल्या रात्रीच्या फेरीत सासूबाईंचं इन्सुलिन गाडीच्या फ्रिजमध्ये राहिलं. मी स्वतः ठेवलं होतं, आणि रात्री साडेनऊला, जेवायच्या वेळी आठवलं. बोटीवरच्या एका अधिकाऱ्यानं सोबत येऊन डेक उघडून दिला म्हणून निभावलं. तो जिना उतरताना माझे हात थरथरत होते. तेव्हापासून इन्सुलिन, सुया, साखर मोजायचं यंत्र, ग्लुकोजच्या गोळ्या आणि दोन दशम्या अशी एक लाल पिशवी मी आधीच खांद्याला अडकवते, मगच गाडी रॅम्पवर चढते. वापरात असलेलं इन्सुलिन बहुतेक साधारण चार आठवडे खोलीच्या तापमानाला चालतं, पण तुमच्या खोक्यावर काय लिहिलंय ते वाच. न फोडलेली पेनं थंड पिशवीत ठेव, बर्फाला चिकटू देऊ नकोस. गोठलेलं इन्सुलिन टाकूनच द्यावं लागतं.

गुडघ्यांसाठी: तिकीट काढतानाच सांग की जिना चढता येत नाही. बंदरावर चेक-इनला पुन्हा सांग आणि विचार, की धोक्याचे दिवे लावून रांगेत उभं राहायचं का. बऱ्याच ठिकाणी त्यावरूनच गाडी लिफ्टजवळ लावून देतात. हे सांगायला लाजू नका. खालच्या डेकवरून सातव्या-आठव्या मजल्यापर्यंत अरुंद लोखंडी जिना, मागे माणसांची रांग, खाली गाड्यांचे अलार्म केकाटतायत, अशा वेळी आईचा पाय घसरायला वेळ लागत नाही. आणि डेकचा नंबर व जिन्याचा रंग हातावर पेनानं लिहून ठेव.

बाबांसाठी मधल्या भागातली, जमेल तितकी खालच्या मजल्यावरची केबिन माग. खिडकीचा हट्ट नको. बोट सुटायच्या आधी पोटात भात-वरणासारखं हलकं काहीतरी हवंच, रिकाम्या पोटी जास्त लागते. आलेपाक माझ्या पर्समध्ये कायम असतो. गोळी घ्यायची तर मळमळ सुरू व्हायच्या आधी, पण काचबिंदू असेल किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नकोस. या गोळ्यांनी त्या दोन्ही गोष्टी बिघडू शकतात, आणि हे दुकानात कुणी विचारेलच असं नाही.

व्हिसाचं आत्ताच बघ. आईबाबांचा शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा, भारतातूनच काढायला हवा. इंग्लंडला पाहुणे म्हणून आल्यावर इथून तो साधारणपणे देत नाहीत, जिथे राहतो तिथल्या दूतावासाकडेच जावं लागतं. तुमचे जास्त दिवस नॉर्वेत जाणार, तर अर्ज नॉर्वेकडे, जरी पाय आधी हॉलंडला लागणार असले तरी. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो.

आणि तूप. ब्रिटनमधून युरोपियन युनियनमध्ये दूध-दुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ स्वतःपुरतेसुद्धा नेता येत नाहीत. जानेवारी २०२१ मध्ये हूक ऑफ हॉलंडला चालकांच्या डब्यातली सँडविचं काढून घेतली होती. तूप, पनीर, पेढे, लोणी घरीच ठेवा. डाळ-तांदूळ, मेतकूट, चटण्या खुशाल न्या. रॉटरडॅम आणि हेगमध्ये सुरीनामी हिंदुस्थानी लोकांची मोठी वस्ती आहे, त्यांच्या दुकानांत तूरडाळीपासून तुपापर्यंत सगळं मिळतं. पहिल्या मुक्कामाआधी तिथेच सामान भरा.

शेवटचं, टेप घेऊन गाडी मोज. फेरीचं भाडं लांबी-उंचीवर असतं, आणि मागचा सायकलचा स्टँड व टपावरची पेटी धरून. भाड्याच्या गाडीच्या कागदावर ६.९ मीटर लिहिलेलं असतं, स्टँड लावला की ती साडेसातला जाते, आणि फरक बंदरावर भरावा लागतो. नॉर्वेच्या फ्योर्डमधल्या छोट्या फेऱ्यांवर सहा मीटरच्या वरच्या गाडीला बरंच जास्त पडतं. म्हणूनच त्या ५.९९ मीटरच्या व्हॅन इतक्या दिसतात. पण चौघांना, त्यात आईबाबांना, त्यात कोंबू नकोस. भाड्यानं घेतानाच दोन गोष्टी विचार: गाडी नॉर्वेला न्यायची लेखी परवानगी आहे का, आणि वजन ३,५०० किलोच्या आत आहे का. १९९७ पासून गाडीची परीक्षा पास झालेल्यांच्या साध्या ब्रिटिश लायसन्सवर त्यापुढची गाडी चालत नाही.

*आम्ही म्युनिकला असतो, मुलं ६ आणि ९ वर्षांची. उन्हाळ्यात स्वतःच्या मोटरहोमनं ग्रीसला जायचंय. इटलीतून बोटीवर गाडीतच झोपता येतं असं ऐकलं, खरं आहे का? अँकोनाहून जावं की ब्रिंडिसीहून?*

खरं आहे, आणि मुलांना याहून मोठी गंमत नाही. इटली-ग्रीसच्या काही बोटींवर एप्रिल ते ऑक्टोबर 'कॅम्पिंग ऑन बोर्ड' असतं. गाडी उघड्या बाजूंच्या डेकवर लावतात, वीज जोडून देतात, तुम्ही आपल्याच बिछान्यात झोपायचं. गॅस पेटवायचा नाही, त्यामुळे रात्रीचे पराठे आदल्या दिवशीच करून ठेवा. जागा मोजक्या असतात, तिकिटावर तसं लिहून आलेलं पाहिजे. साधं तिकीट काढून बंदरावर विचारलंत तर बंद डेकवर जाल. आणि सगळ्या बोटींवर ही सोय नाही, मार्ग तोच असला तरी बोटीगणिक विचारा.

अँकोनाच घ्या. म्युनिकहून सुमारे ७७० किलोमीटर. ब्रिंडिसी तिथून आणखी साडेपाचशेच्या वर, दक्षिणेच्या उन्हात, दोन मुलं मागे. ब्रिंडिसीहून बोट सात-आठ तासांची आणि अँकोनाहून ग्रीसच्या इगुमेनित्सा बंदराला त्याच्या दुप्पट, पण ती रात्र तुम्ही झोपेत काढणार आहात. मुलांना आत्ताच सांगून ठेवा की त्या डेकवर चप्पल घालून पळायचं नाही. लोखंड ओलं असतं, ट्रकांना बांधलेल्या साखळ्या पायात येतात. आमच्या शेजारच्या गाडीतली मुलगी अशीच अडखळली होती, हनुवटीला दोन टाके पडले.

ग्रीसचं घड्याळ एक तास पुढे. बोट पुढे पात्राला जाणारी असेल आणि तुम्ही इगुमेनित्साला उतरणार असाल तर गजर ग्रीसच्या वेळेवर लावा, नाहीतर मागच्या ट्रकवाल्याच्या हॉर्ननं जाग येईल.

*पुण्याहून जानेवारीत न्यूझीलंडला जातोय, कॅम्परव्हॅन ऑकलंडला घेऊन क्राइस्टचर्चला सोडायची. मधली फेरी तिथे जाऊन काढली तर चालेल का?*

नाही, आजच काढा. जानेवारीत तिथे शाळांना सुट्टी असते, उत्तर आणि दक्षिण बेटांमधल्या वेलिंग्टन-पिक्टन फेरीला गाडीची जागा माणसांच्या जागेच्या कितीतरी आधी संपते. ९२ किलोमीटरचं अंतर, साडेतीन तासांच्या आसपास. व्हॅनची लांबी भाड्यानं देणाऱ्यांकडून लेखी मागवा, आणि वाऱ्यामुळे फेरी पुढे ढकलली जाते तेव्हा कामी यावा म्हणून पिक्टनच्या बाजूला एक दिवस मोकळा ठेवा. कुकची सामुद्रधुनी वाऱ्यासाठी बदनाम आहे. पण शेवटचा तासभर बोट टोरी चॅनेलमधून जाते, दोन्हीकडे हिरवे डोंगर आणि शांत पाणी. त्या वेळी आत बसू नका, जॅकेट घालून बाहेर या.