खाणीत मोबाइल चालत नाही, मग टॅग कसा चालतो?

प्रश्न : माझे पती भूमिगत कोळसा खाणीत कामाला आहेत. आता त्यांच्या कॅप लॅम्पमध्ये टॅग बसवलाय. कोण कुठे आहे ते वर कंट्रोल रूममध्ये पडद्यावर दिसतं म्हणे. खाली मोबाइलला रेंज नसते, मग हे कसं कळतं? आणि अपघात झालाच तर त्याचा उपयोग होतो का?

उत्तर : ताई, उपग्रहांचे सिग्नल खडकातून खाली पोचत नाहीत, म्हणून जीपीएस तिथे निकामी. खाणीला स्वतःची व्यवस्था आतच उभारावी लागते. गॅलऱ्यांमध्ये, म्हणजे खाणीतल्या बोगद्यांमध्ये, विशेषतः फाट्यांवर, रीडर टांगतात. टॅग थोड्या थोड्या वेळाने आपला क्रमांक रेडिओलहरींवर सोडतो, जवळचा रीडर तो टिपतो आणि वर कळवतो.

असे रीडर मी वर्षानुवर्षे बसवले आहेत, म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगतो. पडद्यावरचा ठिपका म्हणजे माणूस नेमका तिथेच उभा आहे, असं नाही. साध्या व्यवस्थेत त्याचा अर्थ एवढाच, की हा टॅग या रीडरच्या टप्प्यात शेवटचा सापडला. सिग्नलच्या जोरावरून अंतर काढायला जावं, तर लहरी भिंतींवर आपटून परततात, वळणावर क्षीण होतात, मध्ये एखादं यंत्र आलं की आकडा बदलतो. अल्ट्रा-वाइडबँड पद्धतीत लहरीला लागलेला वेळ मोजतात. एका नॅनोसेकंदात लहर जेमतेम ३० सेंटिमीटर जाते, त्यामुळे जागा बरीच अचूक कळते. पण त्यासाठी उपकरणं दाट लावावी लागतात.

आता अपघाताचं. २ जानेवारी २००६ रोजी अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या सेगो खाणीत स्फोट झाला. १२ जण आत विषारी हवा अडवायला लावलेल्या पडद्याच्या आडोशाला अडकून बसले. छताच्या बोल्टवर घण मारून त्यांनी खुणा केल्या, वर कुणाला ऐकू गेल्या नाहीत. बचाव पथक पोचलं तेव्हा त्यांच्यातला एकच जिवंत होता. त्याच वर्षी तिथे कायदा झाला आणि भूमिगत कोळसा खाणींना कामगारांचा इलेक्ट्रॉनिक माग ठेवणं बंधनकारक झालं.

कायदा झाला तरी खरी कसोटी स्फोटानंतरच लागते. हवेत मिथेन ५ ते १५ टक्के असला की ठिणगीने भडका उडतो, म्हणून संकटात वीज तोडतात. अशा वेळी रीडर स्वतःच्या बॅटरीवर चालला पाहिजे आणि त्या हवेत सुरक्षितही असला पाहिजे. केबल एकाच बाजूने आणलेली असेल, तर ती तुटल्यावर पलीकडचे सगळे रीडर गप्प होतात. दोन वाटांनी जोडलेली असेल, तर दुसरीकडून निरोप येतो. सगळंच बंद पडलं तरी वर राहिलेली शेवटची नोंद मोलाची. कुठून शिरायचं, बोअर कुठे मारायचा, ते तिच्यावरून ठरतं.

टॅगमुळे आपल्यावर पाळत राहते म्हणून काही जण तो सोबत्याकडे देऊन दुसरीकडे जातात. त्यांचा राग मी समजू शकतो, ही नोंद पगार कापायला वापरूच नये. पण टॅग एकीकडे आणि माणूस दुसरीकडे असेल, तर पथक चुकीच्या गॅलरीत शिरेल. पतींना सांगा, टॅग अंगावरून काढू नका. आणि वीज गेल्यावर रीडर किती तास चालतात, केबल किती वाटांनी आणली आहे, हे सुरक्षा समितीच्या बैठकीत विचारायला लावा.