अंगठा अजून गिटारवरच आहे

वाद्यांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, नमस्कार. माझं वय 59. गेली 33 वर्षं गिटार वाजवतोय, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात आणि गणेशोत्सवातही. दिवाळीत पुतण्याने परदेशातून पाच तारांचा बँजो आणून दिला. डाव्या हाताचं थोडंफार जमतं, पण उजवा हात सारखा चुकतो. अंगठा खर्ज शोधायला जातो आणि भलतीच बारीक तार वाजते. शिवाय तारा नीट मिळवूनही वरच्या फ्रेटवर वाद्य बेसूर बोलतं. गिटारसारखा मिळवायचा सहा तारांचा बँजो मिळतो म्हणे. तोच घेऊ का?
— म. गो., लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : भाऊ, सहा तारांचा घेऊ नका. त्याचा आवाज बँजोसारखा येतो, पण अंगठ्याजवळची ती आखूड, उंच सुराची तार त्यात नसते. माझ्या मते बँजोचा जीव त्या तारेत आहे, आणि तुम्हाला छळतेयही तीच.

गिटारवर अंगठ्याशेजारी सर्वांत जाड तार असते. 33 वर्षं तुमच्या अंगठ्याने तिथे खर्जच ऐकलाय. बँजोवर नेमक्या त्याच जागी, पाचव्या फ्रेटपासून निघणारी, सर्वांत उंच सुराची तार येते. मी 20 वर्षं गिटार वाजवून बँजोकडे वळले तेव्हा चार महिने इथेच अडले होते. वाट सापडली ती आपल्या जिवाजीगंजात. सरोदवादक उस्ताद हाफिज अली खाँसाहेबांचं घर आता 'सरोद घर' म्हणून वाद्यांचं संग्रहालय आहे. तिथे जुने सरोद पाहत उभी होते आणि एकदम लक्षात आलं, हे तर आपल्या बँजोचं जवळचं नातलग! सरोदच्या तोंडावर कातडं, बँजोच्याही. दोघांचा सूर चटकन उठतो, चटकन विरतो. गिटारची कॉर्ड छेडून सोडली तर लाकूड ती किती वेळ धरून ठेवतं. पातळ कातडं धरत नाही. म्हणून सरोदिया झाल्यात, म्हणजे वादनाच्या शेवटच्या जलद भागात, मधल्या जागा चिकारीने, म्हणजे बाजूच्या उंच सुराच्या तारांनी, भरत जातो. बँजोची ती आखूड पाचवी तार म्हणजे ही चिकारी. तिच्याकडून खर्जाची अपेक्षा सोडली, त्या दिवसापासून माझा अंगठा शांत झाला.

जी हा सा धरा. मग पाचवीपासून पहिलीपर्यंत तारा अशा लागतात : तार सा, मंद्र प, सा, ग, प. काहीही न दाबता पूर्ण कॉर्ड तयार! रोज बसल्यावर आधी पाच मिनिटं या मोकळ्या तारा नुसत्या ऐका.

मग डाव्या हाताने काहीही न दाबता उजव्या हाताला एकच काम द्या. तारांचा क्रम 3-2-5-1, 4-2-5-1. बोटं : अंगठा, तर्जनी, अंगठा, मधलं, आणि पुन्हा तसंच. आठ आघात होतात, म्हणजे केरवा या आठ मात्रांच्या तालाचं एक आवर्तन. तोंडाने 'धा गे ना ति, न क धि न' म्हणत वाजवा. पाचवी तार दर वेळी 'ना'वर आणि 'धि'वर येईल. मला बोटांचे आकडे पाठ करून जे जमलं नाही, ते बोल म्हणून आठवड्यात जमलं. लय इतकी संथ ठेवा की कंटाळा यावा. अमेरिकन बँजोवादक अर्ल स्क्रग्ज (1924–2012) यांनी घराघरांत पोचवलेली तीन बोटांची वेगवान पद्धत अशाच आवर्तनांवर उभी आहे. तिथे तीन-तीन-दोन असेही आठ पाडतात, पण ते नंतर.

तारा छेडायला बोटांत घालायच्या नख्यांचं विचारलं नाहीत, तरी सांगते. अंगठ्यात प्लास्टिकची, तर्जनी आणि मधल्या बोटात धातूची. धातूची पाती नखावर नाही, पेराच्या मऊ बाजूला यायला हवी. गिटारवाले हमखास उलटी घालतात.

डाव्या हाताची काळजीच नको. दुसरी, तिसरी, चौथी तार अगदी गिटारचीच. पहिली तेवढी ई ऐवजी डी, म्हणून तिथे दोन फ्रेट वर दाबायचं. सी कॉर्डमध्ये गिटारवर मोकळी राहणारी पहिली तार इथे दुसऱ्या फ्रेटवर दाबली, की झालं.

बेसूरपणाचं कारण बहुतेक घोडी, म्हणजे कातड्यावर तारांना आधार देणारी छोटी पट्टी. ती चिकटवलेली नसते, तारांच्या दाबावर उभी असते. प्रवासात सरकली असणार. बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर तारेला नुसता स्पर्श करून छेडा, मग तीच तार तिथे दाबून छेडा. सूर एकच यायला हवा. दाबलेला सूर चढा असेल तर घोडी मानेपासून जरा लांब सारा, उतरलेला असेल तर मानेकडे. सारताना तारा थोड्या सैल करा, पण सगळ्या काढू नका, घोडी पडेल.

आणि सकाळी बँजो आधी, गिटार नंतर. उलट केलंत तर अंगठा पुन्हा खर्जाकडे धावतो.

प्रश्न : मिरवणुकीत वाजतो तो बेंजो हाच का?
— क. दे., दौलतगंज, ग्वाल्हेर

उत्तर : नाही. तो बुलबुल तरंग. त्याचं मूळ जपानी ताइशोगोतो, जे गोरो मोरिता यांनी 1912 मध्ये नागोया शहरात बनवलं. त्यात एका हाताने टाइपरायटरसारख्या कळा दाबायच्या आणि दुसऱ्या हाताने तारा छेडायच्या. म. गो. यांनीही हे ध्यानात ठेवावं : दुकानात नुसतं 'बँजोच्या तारा' म्हटलं तर याच वाद्याच्या हातात पडतील.