साडेपाच वर्षांच्या मुलीला घेऊन गुलमर्गला स्कीइंगसाठी जायचे आहे. हवामानाचा भरवसा नसताना बेत कसा आखावा?

पुण्याहून गुलमर्गला जायचे तर नाताळची सुट्टी बरी की फेब्रुवारी, बर्फ पडलाच नाही तर काय करावे, तो फार पडून विमान रद्द झाले तर काय करावे आणि मुलीसाठी लागणारे साहित्य इथूनच विकत न्यावे का, अशा चार गोष्टी तुम्ही विचारल्या आहेत. आम्ही आमच्या मुलाला तो बालवाडीत असल्यापासून हिवाळ्यात तिकडे नेत आलो आहोत, त्या अनुभवावर हे उत्तर आधारलेले आहे. माझे मत आधीच सांगतो. मूल बरोबर असले की पहिला विचार पायथ्याचे गाव टंगमर्ग ते गुलमर्ग या रस्त्याचा आणि परतीच्या विमानाचा करावा, बर्फाचा विचार त्यानंतर करावा. बर्फ थोडा कमी मिळाला तर सहल थोडी फिकी होते इतकेच. पण पेंगुळलेल्या, भुकेल्या मुलाला घेऊन विमानतळावर किंवा अडलेल्या गाडीत रात्र काढावी लागली, तर पुन्हा थंडीच्या ठिकाणी जायचे नावही घरात कोणी काढत नाही.

काश्मीरमध्ये हिवाळ्यातला बर्फ पश्चिमी विक्षोभांमुळे पडतो. भूमध्य समुद्राच्या बाजूने निघालेले हे कमी दाबाचे पट्टे इराण, अफगाणिस्तान ओलांडून हिमालयाला येऊन अडतात. हिवाळ्यात ते साधारणपणे दर आठवड्याला एखादा या प्रमाणात येतात, पण प्रत्येकात दम असतोच असे नाही. म्हणून तिथला बर्फ आपल्या पावसासारखा रोज थोडा थोडा पडत नाही; एक ते तीन दिवस सलग कोसळतो आणि मग कित्येक दिवस आकाश निरभ्र राहते. तुमच्या प्रश्नातल्या दोन्ही भीती यातूनच निर्माण होतात, आणि त्यांवरचे उपाय मात्र एकमेकांहून अगदी वेगळे आहेत. बर्फ न पडण्यावर तारखांची निवड आणि रद्द करता येणारे आरक्षण हा उपाय आहे, तर तो एकदम कोसळण्यावर हाताशी मोकळे दिवस ठेवणे हा उपाय आहे. बरेच जण यातला एकच उपाय करतात आणि दुसऱ्या बाजूने अडकतात.

तारखांबाबत मी फेब्रुवारीच्या बाजूने आहे, तेही साधारण दुसऱ्या आठवड्यापासून पुढे. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा चिल्लई कलान हा काश्मीरमधल्या सर्वांत कडक थंडीचा काळ असतो. नाताळच्या सुमारास तो नुकताच सुरू झालेला असल्यामुळे थंडी भरपूर असते, पण जमिनीवर बर्फाचा थर बसलेलाच असेल याची खात्री नसते. त्यातच दिल्लीचे आणि श्रीनगरचे धुके त्याच दिवसांत सर्वाधिक त्रास देते, आणि हॉटेलांचे दर तर विचारूच नयेत. फेब्रुवारीत आधी पडलेला बर्फ साचून बसलेला असतो, दिवस मोठा झालेला असतो आणि दुपारचे ऊन मुलांना सोसेल असे असते. तुमची मुलगी अजून सीनियर केजीत आहे, त्यामुळे आठवडाभर शाळा बुडाली तरी फारसे बिघडत नाही. एकदा मूल पहिली-दुसरीत गेले की ही मोकळीक हळूहळू संपते, तेव्हा ती आताच वापरून घ्यावी.

मात्र फेब्रुवारी म्हणजे हमी, असे कृपया समजू नका. २०२४ साली जवळजवळ पूर्ण जानेवारी गुलमर्ग कोरडेच राहिले, महिना संपता संपता बर्फ सुरू झाला आणि फेब्रुवारीत तो चांगला पडला. २०२५ साली तर २२ फेब्रुवारीपासून ठरलेल्या ‘खेलो इंडिया’च्या हिवाळी स्पर्धा पुरेसा बर्फ नाही म्हणून पुढे ढकलाव्या लागल्या आणि मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात पार पडल्या. सगळी सरकारी यंत्रणा हाताशी असलेल्यांना जिथे तारीख साधली नाही, तिथे आपण वाईट वाटून घेण्याचे कारण नाही. हॉटेलचे आरक्षण तेवढे असे घ्यावे की निदान चार-पाच दिवस आधीपर्यंत ते पैसे न गमावता रद्द करता येईल किंवा पुढे ढकलता येईल. अशी खोली थोडी महाग पडते. तो फरक मी विम्याचा हप्ता समजून देतो.

अंदाज पाहण्याचीही एक शिस्त असते. मोबाइलवरच्या ॲपमध्ये दहा-बारा दिवसांनंतरच्या तारखेवर बर्फाची चांदणी दिसली म्हणून हुरळून जाऊ नये आणि ती दिसली नाही म्हणून बेत मोडू नये. दहा दिवस आधी काहीच ठरत नाही, पाच दिवस आधी दिशा कळते आणि दोन-तीन दिवस आधी, म्हणजे विक्षोभाचे ढग अफगाणिस्तानच्या आसपास दिसू लागल्यावर, बऱ्यापैकी विश्वास ठेवता येतो. भारतीय हवामान विभागाच्या श्रीनगर केंद्राचा अंदाज आणि त्यांचे पिवळे, नारिंगी, लाल इशारे मी सर्वांत आधी पाहतो, कारण अनेक ॲप दरी आणि डोंगर यांच्या उंचीतला फरक नीट धरत नाहीत आणि गुलमर्गच्या नावाखाली भलत्याच उंचीचे तापमान दाखवतात. जमिनीवर आज प्रत्यक्ष किती बर्फ आहे, हे मात्र कोणताही अंदाज सांगत नाही. त्यासाठी हॉटेलवाल्यांना किंवा ज्यांच्याकडे शिकायचे आहे त्या प्रशिक्षकांना फोन करून त्याच दिवसाचा व्हिडिओ मागवावा. ते आनंदाने पाठवतात. इथे एक गोष्ट विसरू नका: बाहेरच्या राज्यातले प्रीपेड सिमकार्ड जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. घरातला निदान एक क्रमांक पोस्टपेड असू द्या, नाहीतर ऐन वेळी विमान कंपनीचा संदेशही तुमच्यापर्यंत पोहोचणार नाही.

आता दिवसांची मांडणी. श्रीनगर सुमारे १,५८५ मीटर उंचीवर आहे आणि गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर. अडीच हजार मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास संभवतो, म्हणून उतरल्या दिवशी थेट वर न जाता पहिली रात्र श्रीनगरमध्ये काढावी. त्यानंतर गुलमर्गला सलग चार रात्री असाव्यात. त्यातला एखादा दिवस हवामान खाणार हे धरूनच चालावे, आणि एवढ्या वयाच्या मुलाला स्वतःच्या बळावर थांबता येऊ लागायला उरलेले दोन-तीन दिवस लागतातच. मग खाली येऊन परतीच्या आधीची निदान एक रात्र, जमल्यास दोन, श्रीनगरमध्ये ठेवाव्यात. गुलमर्गहून सकाळी निघून त्याच दिवशीचे विमान गाठण्याचा बेत सहल कंपन्या सर्रास देतात. मूल बरोबर असताना तो मी कधीच स्वीकारणार नाही. टंगमर्ग ते गुलमर्ग हा सुमारे १३ किलोमीटरचा घाट आहे. ताजा बर्फ पडला की तिथे चाकांना साखळ्या लावलेल्या किंवा फोर बाय फोर गाड्याच सोडतात, आणि जोर असेल तर बर्फ काढेपर्यंत रस्ता काही तास बंदही ठेवतात. तुमची श्रीनगरची टॅक्सी टंगमर्गला थांबेल आणि तिथून गाडी बदलावी लागेल, हे हिशेबात धरावे.

विमानाबाबत दोनच सूचना. पुण्यापासून श्रीनगरपर्यंतचा प्रवास एकाच तिकिटावर असावा, म्हणजे मधले विमान चुकले तर पुढची जबाबदारी कंपनीवर राहते. आणि सकाळचे पहिले विमान टाळून धुके विरल्यानंतरचे, दुपारच्या सुमाराचे घ्यावे. हवामानामुळे विमान रद्द झाल्यास कंपनी परतावा किंवा दुसऱ्या विमानात जागा देते, पण नुकसानभरपाई देत नाही, म्हणून कार्यालयातली रजा एक दिवस जास्तीची मागून ठेवावी. जून २०२५पासून श्रीनगर ते कटरा वंदे भारत सुरू झाल्यामुळे आता आणखी एक वाट मोकळी झाली आहे. सुमारे तीन तासांत कटरा गाठता येते आणि तिथून जम्मूचे विमानतळ रस्त्याने जवळ आहे. विमाने आणि बनिहालवरून जाणारा जम्मू-श्रीनगर महामार्ग दोन्ही बंद असतानाही रेल्वे चालू राहण्याची शक्यता बरीच असते, पण अशा दिवशी तिच्या तिकिटांवर उड्या पडतात, म्हणून रद्द होण्याची चिन्हे दिसताच निर्णय घ्यावा.

गोंडोल्याविषयी, म्हणजे गुलमर्गच्या केबल कारविषयी, लोक नको इतकी चिंता करतात. त्याचे दोन टप्पे आहेत: पहिला गुलमर्ग ते कोंगदूरी, म्हणजे तीन हजार मीटरच्या थोडे वर, आणि दुसरा तिथून अफरवट शिखराच्या खांद्यापर्यंत, सुमारे ३,९५० मीटरवर. वारा सुटला किंवा बर्फ कोसळू लागला की दुसरा टप्पा आधी बंद होतो. तुमच्या मुलीच्या दृष्टीने त्याने काहीही बिघडत नाही. एवढ्या उंचीवर साडेपाच वर्षांच्या मुलाला झटक्यात नेऊच नये, आणि नवख्यांचे उतार तर खाली, गोल्फच्या मैदानाच्या आसपासच आहेत. पहिला टप्पा मात्र बर्फ कमी असलेल्या वर्षी कामाला येतो, कारण खाली हिरवळ उघडी पडलेली असतानाही कोंगदूरीला खेळण्यापुरता बर्फ असू शकतो. म्हणजे वादळात गोंडोला बंद पडला तर आपले अडत नाही आणि कोरड्या दिवसांत तो चालू असतोच. त्याचे तिकीट ऑनलाइन आणि ठरावीक तारखेचे असते, त्यामुळे तारीख निवडताना सोसाट्याच्या वाऱ्याचा अंदाज पाहून घ्यावा. वर किंवा खाली कुठेही असलात तरी आखलेल्या उतारांच्या बाहेर मुलाला नेऊ नका. ताज्या बर्फानंतर अफरवटच्या बाजूला हिमस्खलने होतात. २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी फेब्रुवारीत तिथे परदेशी स्कीपटूंचा मृत्यू झाला आहे.

मुलांसाठी सर्वांत चांगला दिवस बर्फ पडून गेल्यानंतरचा दुसरा असतो. पडत्या बर्फात आणि दाट ढगांत उजेड इतका सपाट होतो की उताराचे चढउतार दिसत नाहीत, मूल विनाकारण पडते आणि घाबरते. नुकत्याच पडलेल्या भुसभुशीत बर्फात त्याची स्की रुतते. एक दिवस ऊन पडून बर्फ दबला की तेच मूल मजेत घसरू लागते. पण आकाश निरभ्र झाले की रात्री पारा जोरात खाली येतो आणि शून्याखाली दहा अंशांपर्यंत जाऊ शकतो, म्हणून सकाळी लवकर बाहेर पडण्याचा हट्ट धरू नये. साडेदहा ते बारा शिकवणी, मग गरम जेवण, पुन्हा तासभर, आणि उन्हे उतरण्याआधी खोलीत, एवढे पुरे होते. प्रशिक्षक ठरवताना त्याने लहान मुलांना शिकवले आहे का हे स्पष्ट विचारावे. मुलगी नको म्हणाली तर स्लेज, बर्फाचा माणूस आणि मॅगी यांवर दिवस घालवावा आणि स्कीइंगचे नाव दुसऱ्या दिवशीपर्यंत काढू नये.

उंचीचा त्रास लहान मुलांना शब्दांत सांगता येत नाही. कारण नसताना किरकिर, जेवण नाकारणे, उलटी, नेहमीपेक्षा वेगळी झोप ही लक्षणे दिसली तर दिवसभर वाट पाहण्याऐवजी खाली उतरावे; टंगमर्गला सरकारी रुग्णालय आहे. औषधांविषयी निघण्यापूर्वी तुमच्या बालरोगतज्ज्ञांशी बोलून घ्यावे. याहून एक मोठा धोका खोलीत असतो आणि त्याविषयी फार कमी बोलले जाते. बुखारी (लाकडावर चालणारी शेगडी), कोळसा किंवा गॅसवरचा हीटर बंद खोलीत रात्रभर जळत राहिला की कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो, आणि काश्मीरमध्ये हिवाळ्यात त्याने माणसे दगावतात. झोपताना असे काहीही विझवून टाकावे आणि विजेवर तापणारी गादी किंवा मध्यवर्ती उष्णता असलेली खोलीच घ्यावी. मोठ्या बर्फानंतर वीज जाते, म्हणून हॉटेलला जनरेटर आहे का आणि तो रात्री किती वेळ चालतो, हे आरक्षणापूर्वीच विचारावे.

उत्तराखंडमधल्या औलीचा विचार मनात असेल तर थोडक्यात सांगतो. उतार शिकाऊ मुलांसाठी चांगले आहेत, पण जानेवारी २०२३मध्ये औलीच्या पायथ्याच्या जोशीमठची जमीन खचल्यापासून तिथून वर जाणारा रोपवे बंद पडला, डेहराडूनपासूनचा रस्ता दिवसभराचा आहे आणि बर्फाची खात्री गुलमर्गपेक्षाही कमी. एवढ्या लहान मुलीसाठी मी तो पर्याय निवडणार नाही.

राहता राहिला साहित्याचा प्रश्न. स्की, स्कीचे बूट आणि काठ्या तिथे भाड्याने मिळतात, त्या विकत घेऊ नयेत, कारण पुढच्या हिवाळ्यापर्यंत पाय वाढलेला असतो. लहान मापाचे बूट मात्र मोजकेच असतात, म्हणून मुलीच्या तळपायाची लांबी सेंटीमीटरमध्ये मोजून प्रशिक्षकाला आधीच कळवावी आणि बूट बाजूला काढून ठेवायला सांगावे. स्की उभी धरली की तिच्या छातीपासून हनुवटीपर्यंत यावी, त्याहून लांब नको. हेल्मेट आणि गॉगल डोक्यावर नीट बसवून पाहून इथूनच न्यावेत; बर्फावरून परतणारे ऊन डोळ्यांना आणि गालांना चांगलेच भाजते, तेव्हा सनस्क्रीनही हवे. अंगाला लागून सुती कपडा नसावा, तो घामाने ओला होऊन गारठा धरून ठेवतो. आत थर्मल, त्यावर लोकर किंवा फ्लीस आणि वर पाणी न शिरणारे जॅकेट व पँट, असे तीन थर पुरतात. हातमोजे पाच बोटांचे नकोत, अंगठा सोडून बाकी बोटे एकत्र राहतील असे जलरोधक घ्यावेत, आणि त्यांचे दोन जोड न्यावेत, कारण पहिला जोड दुपारच्या जेवणापर्यंत ओला झालेला असतो.