जाम झालेलं येझदीचं इंजिन पहिल्यांदाच घरी खोलायचं आहे, जमेल का?

आजोबांची येझदी २५० बारा-तेरा वर्षं गोठ्यात उभी आहे, किक दबतच नाही, मिस्त्री म्हणतो इंजिन भंगारात द्या, आणि तुम्ही आजवर प्लगशिवाय काही खोललेलं नाही, असं तुम्ही लिहिलंय. जमेल. मी दारव्हा तालुक्यातला शेतकरी. बाबांची येझदी अशीच कुटाराच्या खोलीत अकरा पावसाळे उभी होती आणि इंजिन खोलायची माझीही ती पहिलीच वेळ होती.

आधी घरात एक गोष्ट विचारा: गाडी चालता चालता जाम झाली, की चांगली चालणारी गाडी उभी केली आणि मग जाम झाली? उभ्या गाडीचा जाम बहुतेक गंजाचा असतो. येझदीचं इंजिन टू-स्ट्रोक. त्याच्या ब्लॉकला (ज्यात पिस्टन वर-खाली होतो तो बिडाचा भाग) पोर्ट, म्हणजे हवा आत-बाहेर जायची भोकं असतात आणि पिस्टनच त्यांची झाकणं. पिस्टन जिथं थांबेल त्याप्रमाणे एखादा पोर्ट उघडा राहतो, सायलेन्सरमधून पावसाळी हवा आत शिरते आणि बिडाच्या बोअरला, म्हणजे ब्लॉकच्या आतल्या गोल भिंतीला, पिस्टनवरच्या रिंगा गंजून चिकटतात. चालता चालता जाम झालेल्या इंजिनात मात्र पिस्टनचं अॅल्युमिनियम बोअरला घासून चिकटलेलं असतं. तिथं कारण शोधल्याशिवाय नवीन पिस्टन टाकला तर तोही जाईल.

माझी चूक आधी सांगतो, म्हणजे तुमची टळेल. मी किकवर चार फुटांचा लोखंडी पाइप चढवून जोर लावला. पिस्टन तसूभरही हलला नाही, आतल्या किकच्या गिअरचे दात मात्र तुटले. येझदीत किक आणि गिअरचा दांडा एकच, त्यामुळे मोडतोडही दुहेरी. शेजारच्या गावचे एक म्हातारे मिस्त्री पाहायला आले आणि एवढंच म्हणाले, "जोर नोको लावू भाऊ. तेलाले त्याचं काम करू दे."

म्हणून पहिल्या दिवशी फक्त प्लग काढा आणि दोन्ही सायलेन्सर सोडवा. माझ्या एका सायलेन्सरमध्ये कुंभारणीचं मातीचं घर निघालं, दुसऱ्यात उंदरांनी नेलेली सरकी. प्लगच्या भोकातून झाडूची काडी घालून पिस्टन वर आहे की खाली ते पाहा. मग तिथून डिझेल आणि ऑटोमॅटिक गिअरचं लाल तेल निम्मं-निम्मं ओता. पिस्टन फार खाली असेल तर ते पोर्टातून बाहेर येईल, खाली घमेलं ठेवा. पातळी रोज काडीनं बघा. ती हळूहळू उतरत असेल तर तेल रिंगांच्या फटीतून चाललंय, म्हणजे काम सुरू आहे.

मला सतरा दिवस लागले. मध्ये तीन-चार वेळा ब्लॉकला ओलं पोतं गुंडाळून, प्लगच्या भोकात बोळा कोंबून, वरून उकळतं पाणी ओतलं आणि थंड होऊ दिलं. अॅल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. बाहेरून पाणी पडलं की आधी ब्लॉक फुगतो, पिस्टन मागून. या ओढाताणीत गंजाची पकड सुटते आणि थंड होताना तेल फटीत ओढलं जातं. गॅसची ज्योत वापरू नका, आत डिझेल आहे.

हलवून पाहायचं तर किकनं नाही. उजवीकडचं कव्हर काढा, डायनॅमोच्या रोटरच्या मधल्या बोल्टला पाना लावा आणि हातानं पुढे-मागे हलकी चाल द्या. तरी नाही हलला तर हेड, म्हणजे ब्लॉकवरचं झाकण काढा. बोअर ६५ मिलिमीटरचा आहे. आमच्या सुतारानं बाभळीचा ६३ मिलिमीटरचा गोल ठोकळा करून दिला. तो पिस्टनवर ठेवून रबरी हातोडीनं टकटक करत राहिलो. लोखंडी गज थेट पिस्टनवर ठोकू नका आणि ब्लॉकच्या पंखांखाली पहार घालू नका. बीड वाकत नाही, तुटतं.

पिस्टन सुटला की गाडी चालू करून पाहायचा मोह होतो. तो आवरा, कारण खरं काम इथून पुढे आहे. ब्लॉक काढताना क्रँककेसच्या (ब्लॉकखालची, क्रँक फिरतो ती पेटी) तोंडात स्वच्छ फडकं कोंबा, नाहीतर गजनपिनचं (पिस्टनला रॉडशी जोडणारी पिन) तारेचं लॉक आत पडतं. कनेक्टिंग रॉड धरून सरळ वर-खाली ओढून बघा. बाजूला थोडी हालचाल चालते, पण वर-खाली 'टक' लागली तर बिग एंड, म्हणजे रॉडचं क्रँककडचं खालचं बेअरिंग गेलं. ते काम प्रेसचं आणि क्रँक डायल लावून सरळ करायचं आहे, घरी होत नाही. मी यवतमाळला लेथवाल्याकडे दिलं.

बोअरमध्ये नखाला लागणारे खड्डे असतील तर बोअर वाढवावा लागेल. आधी पिस्टन विकत घ्या आणि तोच लेथवाल्याच्या हातात द्या, म्हणजे त्या पिस्टनच्या मापाला बोअर होईल. पंचवीसचा की पन्नासचा (म्हणजे मूळ मापापेक्षा पाव की अर्धा मिलिमीटर मोठा), हे खड्डा किती खोल त्यावर ठरेल. बोअरनंतर पोर्टांच्या कडांची धार घासून बोथट करून घ्यायला सांगा, नाहीतर रिंग तिथं अडकून तुटते. रिंग नुसती बोअरमध्ये बसवून तोंडाची फट फीलर गेजनं मोजा. माझी पाव मिलिमीटरच्या थोडी वर होती. बसवताना रिंगेचं तोंड पिस्टनच्या खाचेतल्या पिनवरच आलं पाहिजे. लॉक नेहमी नवीन.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते. क्रँकची ऑइल सीलं बदलाच, बरी दिसत असली तरी. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल आणि हवा क्रँककेसमधूनच वर जाते. सील वाळून कडक झालं की तिथून जादा हवा ओढली जाते, मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापतो आणि नवा बोअर पुन्हा धरतो, म्हणजे इंजिन चालता चालता जाम होतं. बाबांची गाडी उभी राहण्याआधी दोनदा अशीच धरली होती. दोन्ही वेळा एका गॅरेजवाल्यानं पिस्टन बदलून दिला, सीलांना हात लावला नाही. बाबांना वाटलं गाडीच गेली. क्रँककेस फोडली तेव्हा सीलं लाकडासारखी निघाली, आणि त्या दिवशी बाबा बराच वेळ ती हातात घेऊन बसले होते.

क्रँककेस फोडलीच आहे तर बेअरिंगही बदला. नवी फ्रीजरमध्ये ठेवा, केस गरम करा, हातानं बसतात.

सुट्या भागांचं: म्हैसूरचा कारखाना १९९६ ला बंद झाला. २०२२ पासून येझदी नावानं ज्या नव्या गाड्या येतात त्या फोर-स्ट्रोक आहेत, त्यांच्या इंजिनाचं काही या इंजिनाला चालत नाही. जुन्या दुकानांतला माल घेताना पिस्टन स्वतः मोजून घ्या.

पहिल्या टाकीला मी लिटरमागे ४० मिली टू-टी ऑइल घातलं. हल्लीच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलनं मिश्रण आणखी थोडं पातळ होतं, म्हणून कार्ब्युरेटरमधला मेन जेट (पेट्रोल सोडणारं भोक) एक नंबर मोठा ठेवला. पहिले काही दिवस पाच-सहा किलोमीटर चालवायची, लिंबाखाली उभी करायची, पूर्ण थंड होऊ द्यायची, मग परत. उतारावर थ्रॉटल पूर्ण बंद ठेवून गाडी गिअरमध्ये सोडू नका, तेवढा वेळ पिस्टनला तेल मिळत नाही.

प्लग काढून झाला की आतला पिस्टन आणि पोर्ट दिसतील असे फोटो टाका. तेल किती दिवस ठेवायचं ते त्यावरून सांगतो.