वाचकांचे प्रश्न : लॅटिसचे कुलूप कुठे तुटते

प्रश्न : एलडब्ल्यूईचा (मुद्दाम थोडी चूक, म्हणजे नॉइज, मिसळलेल्या समीकरणांतून गुपित शोधण्याचा कूटशास्त्रातला प्रश्न) छोटा नमुना लिहिला. मॉड्युलस (ज्याने भागून बाकी घ्यायची ती संख्या) ३३२९, गुपित आणि नॉइज दोन्ही −२ ते २ मधले, प्रमाण विचलन १. ४० अज्ञातांना ८० समीकरणे दिली तेव्हा एलएलएलने (लॅटिसमधले लहान सदिश शोधणाऱ्या अल्गोरिदमने) नॉइज लगेच शोधला. १०० अज्ञातांना १०० समीकरणे दिली, तर प्रत्येक ओळीत एक १ आणि बाकी सगळी शून्ये येतात. प्रोग्राम चुकला का?

उत्तर : प्रोग्राम चुकलेला नाही, समीकरणे अपुरी आहेत. मॅट्रिक्सच्या स्तंभांपासून मॉड ३३२९ जे लॅटिस (सदिशांच्या पूर्णांकी बेरजांनी बनणारी बिंदूंची जाळी) बनते, त्याचा निश्चयक म्हणजे ३३२९ चा घात, आणि घातांक म्हणजे समीकरणे वजा अज्ञाते. तुमच्याकडे ही वजाबाकी शून्य आहे. निश्चयक १ झाला, म्हणजे पूर्णांकांचे सगळे सदिश लॅटिसमध्ये आले. मग सर्वांत लहान सदिश एककच असणार. त्या गर्दीत नॉइज ओळखू येत नाही.

२०० समीकरणे घेतलीत, तर २०१ मितींत नॉइजची लांबी सुमारे १४ आणि यादृच्छिक लॅटिसमध्ये अपेक्षित लांबी सुमारे १९४. एवढे अंतर असले तरी एकट्या एलएलएलला ते बहुधा झेपत नाही. त्याच्या दर्जाचा घटक (सापडणारा सदिश किती लांब निघतो याचे माप) प्रत्येक मितीमागे साधारण १.०२१९ पट वाढतो आणि २०१ मितींत तो ७८ च्या आसपास जातो. एलएलएलनंतर बीकेझेड (लॅटिसचा एकेक तुकडा, म्हणजे ब्लॉक, घेऊन आणखी लहान सदिश शोधणारा अल्गोरिदम) २० किंवा ३० ब्लॉकने चालवा, काम होईल.

तुमचे गुपितही लहान आहे, म्हणून अधिक चांगली मांडणी शक्य आहे आणि तीत तुमची १०० समीकरणेच पुरतात. तीन थर रचा : पहिल्यात कर्णावर ३३२९ आणि बाकी शून्ये, दुसऱ्यात उलट चिन्हाचा परिवर्त मॅट्रिक्स, शेजारी एकक मॅट्रिक्स, शेवटच्या ओळीत उजवी बाजू आणि अखेरीस १. लहान सदिश म्हणजे नॉइज, गुपित आणि १ हे सलग. मिती २०१ च राहतात, निश्चयकही तोच. पण मॅट्रिक्स चौरस असल्याने, स्तंभांच्या मांडणीत एलएलएलनंतर उरणाऱ्या ज्या शून्य ओळी बीकेझेडपूर्वी काढाव्या लागतात, त्या इथे येतच नाहीत. उत्तर उलट चिन्हाने आले तरी ग्राह्य धरा.

प्रश्न : हीच पद्धत मोठी करून कायबर-५१२ (लॅटिसवर आधारलेली, प्रत्यक्ष वापरातली कूटपद्धत) फुटेल का?

उत्तर : नाही. तिथे बीकेझेडला सुमारे ४०० चा ब्लॉक लागतो. ब्लॉकमधला लहान सदिश शोधणाऱ्या चाळणी पद्धतीचा खर्च ब्लॉकच्या ०.२९२ पट घातांकाने वाढतो, म्हणजे २ चा सुमारे ११८ वा घात. स्मृती हा त्याहून हट्टी अडथळा आहे : २ च्या सुमारे ८३ व्या घाताइतके सदिश साठवावे लागतात. २०२१ मध्ये १८० मितींच्या लॅटिसमध्ये लहान सदिश शोधण्याचे आव्हान चार ग्राफिक्स कार्डे आणि दीड टेराबाइट स्मृती असलेल्या एका यंत्रावर ५१.६ दिवसांत सुटले. १८० ते ४०० हे अंतर घातांकी आहे, हे विसरू नये. एप्रिल २०२४ मध्ये एलडब्ल्यूई सोडवणाऱ्या क्वांटम अल्गोरिदमचा दावा आला होता. आठ-नऊ दिवसांत त्याच्या नवव्या पायरीत चूक सापडली आणि तो कोसळला.

प्रश्न : मग प्रत्यक्ष हल्ले कुठे होतात?

उत्तर : कोडमध्ये. उलगडताना संदेश पुन्हा कूटबद्ध करून तपासला नाही, तर हल्लेखोर बिघडवलेले कूटसंदेश पाठवत राहतो. उलगडा जुळला की नाही एवढेच कळले, तरी काही हजार प्रश्नांत खासगी किल्ली हाती येते. तपासणी असूनही तुलना पहिल्या फरकाला थांबत असेल, तर वेळेवरून तेच कळते. फ्रोडोकेम या एलडब्ल्यूईवरच्या दुसऱ्या कूटपद्धतीच्या कोडवर २०२० मध्ये हेच दाखवले गेले. तिसरे ठिकाण म्हणजे ३३२९ ने भागाकार. काही प्रोसेसरांवर भागाकाराचा वेळ भाज्यावर अवलंबून असतो आणि इथे भाज्य गुपिताशी बांधलेले असते. त्याऐवजी गुणाकार करून बिट सरकवा. आणि कंपायलरने आकार कमी करण्याच्या पर्यायाखाली भागाकाराची सूचना परत घातली नाही ना, हे असेंब्लीत डोळ्यांनी बघा.